पीपी नंबरवरचा मोडेम

मी एक जुना मोडेम आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. टेलिफोनच्या तारेतून कॉम्प्युटरला जगाशी जोडणारी मी एक काळी डबी. जोडताना मी असा किंचाळायचो, की नगरच्या केडगावातली आमची गल्ली कानांवर हात ठेवी. मला मात्र माझा गळा फार आवडे.

१९९९ साली पुण्याच्या दुकानातून मी यशोधराकडे नगरला आलो. कारखान्यातली बरी नोकरी सोडून तिने घरीच वेबसाइट बनवण्याचा उद्योग मांडला होता. वेबसाइट म्हणजे काय, हे लोकांना सांगण्यातच तिची निम्मी शक्ती जाई. त्यात घरात फोन एकच, आणि तो सगळ्या गल्लीचा पीपी नंबर. ज्यांच्याकडे फोन नव्हता ते शेजारी आपल्या नातेवाइकांना हाच नंबर देत आणि फोन करायलाही इथेच येत. यशोधराची आई आक्काबाई कुणालाच नाही म्हणत नसत. माझं काम चालू असताना कुणी रिसीव्हर उचलला, की जोडणी तुटायची आणि सगळी मेहनत पाण्यात.

"आई, मी कामात आहे गं," यशोधरा म्हणे.

"घरीच तर हाईस की," आक्काबाई म्हणत.

तिचं पहिलं मोठं काम एमआयडीसीत पंपाचे भाग बनवणाऱ्या शामकांतसाहेबांचं होतं. दुपारी चारला दुबईचे खरेदीदार येणार होते आणि त्यांना वेबसाइट दाखवायची होती. हे जमलं तर एमआयडीसीत तिचं नाव होणार होतं. नाही तर पुन्हा नोकरीसाठी उंबरे झिजवणं आलं. सगळं तयार होतं, पण सकाळीच साहेबांचा फोन आला.

"वडिलांचा मोठा फोटो टाका. आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांची नावं, लग्नपत्रिकेत असतात तशी. एक जरी राहिलं तरी भाऊबंद रुसतील."

यशोधराने समजावून पाहिलं आणि शेवटी हो म्हणाली. तो फोटो माझ्या मानाने फारच जड होता. दोनदा कुणीतरी रिसीव्हर उचलला आणि मी तुटलो. तिसऱ्यांदा तिने दाराला कडी घातली. फोटो थोडासा इंटरनेटवर चढला होता, तोच दार वाजलं. शेजारच्या राहीबाई घामाघूम होऊन उभ्या होत्या.

"यशे, फोन मोकळा ठिव गं. माझ्या लेकीला, मंदीला कळा सुरू झाल्यात. जामखेडवरनं, तिच्या सासरवरनं कवा पन निरोप येईल. तुमचाच नंबर दिलाय."

यशोधराने घड्याळाकडे पाहिलं, माझ्या लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे पाहिलं. तिने माझी तार उपटली. खरं सांगतो, मला तिचा भयंकर राग आला.

फोन बऱ्याच वेळाने वाजला. मंदीला नगरला हलवत होते. रक्त लागणार होतं, घरच्यांनी दवाखान्यात हजर राहावं, असा निरोप होता. राहीबाई रक्त द्यायला आपल्या दोन्ही तरण्या मुलांना घेऊन धावल्या. यशोधराने मला पुन्हा जोडलं तेव्हा चार वाजून गेले होते. दुबईच्या पाहुण्यांना अर्धवट चढलेल्या फोटोत साहेबांच्या वडिलांचा फक्त फेटा दिसला. पुढचं सगळं काम पुण्याच्या एका कंपनीला गेलं. यशोधरा त्या दिवशी जेवली नाही.

मंदी आणि तिची मुलगी मात्र वाचल्या. राहीबाई बर्फी घेऊन आल्या, तेव्हा आक्काबाईंनी त्यांना फोन मोकळा ठेवण्यापायी यशोधराचं काम गेल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझं किंचाळणं कानी पडताच राहीबाई आमच्या पायरीवर येऊन बसल्या. गल्लीतले पुंजाराम फोन करायला आले.

"यशोधरा हाय का घरात?"

"न्हाई. कामावर गेलीया. सुटली की या."

आत यशोधराने डोळे पुसले आणि ती पुन्हा कामाला लागली. त्या दुपारी एका रोपवाटिकेची वेबसाइट मी न तुटता पाठवली.

आता मी माळ्यावर पडून आहे आणि मला विचारणारं कुणी नाही. त्याचं मला वाईट वाटतं, पण मागणं वेगळंच आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी शिलाई मशीनपाशी, कुणी कॉम्प्युटरपाशी बसून पोट भरत असेल. त्यांच्यासाठी कधीतरी तुम्हीही पायरीवर बसा.