शेरेकाकांचे प्रश्न

छाननी कारकून गुडघे टेकून भिंतीच्या कोपऱ्यात बसला आणि त्यानं मोजपट्टीचं टोक फरशीला लावलं. दुसरं टोक सहावीच्या मॉनिटरनं धरलं होतं. समोरच्या कोपऱ्यात उकिडवी बसून ती त्याच्या हाताकडे बघत होती.

"सैल आहे साहेब. जरा ओढा तुमच्या बाजूनं."

त्यानं ओढली. सहा मीटर चोवीस. फायलीतही सहा मीटर चोवीसच होतं. मनातल्या मनात चरफडत तो दुसऱ्या भिंतीकडे वळला. तिथे तीन सेंटिमीटरचा फरक निघाला आणि त्याला हुरूप आला, पण मॉनिटरनं तो फार वेळ टिकू दिला नाही. या भिंतीला मधेच पोट सुटलंय, तिनं सांगितलं, म्हणून आम्ही अगदी खालून मोजलं होतं, तुम्ही वरून मोजताय. त्यानं खालून मोजलं. फरक नाहीसा झाला.

खोलीत दोन वर्ग पाठीला पाठ लावून बसले होते. पाचवीचा फळा पूर्वेच्या भिंतीवर, सहावीचा पश्चिमेच्या. मधे दोन लाकडी टेकू छताला खांदा देऊन उभे होते. सहावीतला एक मुलगा पाचवीचा धडा दुसऱ्या वर्षीही कानावर पडून इतका पाठ झालाय म्हणे, की पाचवीतलं कुणी अडलं तर तो मागे न बघता उत्तर सांगतो. हे कारकुनाला शाळेच्या बाईंनी हसत हसत सांगितलं. दोन्ही वर्ग त्या एकट्याच शिकवत. केस पांढरे, आवाज हळू, आणि हात खडूनं भरलेले.

तो आला होता खोट काढायला. तसं कागदावर लिहिलेलं नव्हतं. कागदावर 'स्थळपाहणी' होतं.

हे नीट समजून घ्यायला हवं. सरकार वर्षाच्या सुरुवातीला खर्च ठरवतं, आणि त्यासाठी लागणारा कर मग वर्षभर गोळा होत राहतो. कर कमी जमला, की ठरवलेल्या सगळ्या गोष्टी काही होत नाहीत. अशा वेळी कुणीतरी सरळ लिहायला हवं, की या शाळेची खोली यंदा होणार नाही. पण तसं लिहिलं की ओरड होते, आणि लिहिणाऱ्याचं नाव पुढे येतं. म्हणून ते कुणीच लिहीत नाही. मंजुरी कायम राहते. फक्त पैसा वर्षअखेरपर्यंत तिजोरीतून बाहेर पडत नाही, आणि वर्ष संपलं की मंजुरी आपोआप विझते. पैसा अडकवून ठेवण्याचं हे काम छाननी विभागाकडे होतं, आणि त्या विभागाचा न लिहिलेला एकच नियम होता: एका वेळी एकच शेरा. फायलीत दहा उणिवा दिसल्या तरी एकच लिहायची. उत्तर आलं की पुढची. बहुतेक शाळा दुसऱ्या शेऱ्याला दमत. कारकुनाचा यात हातखंडा होता. सतरा वर्षांत त्याच्या टेबलावरून गेलेल्या फायलींत कुणी त्याला चुकीचा शेरा दाखवू शकलं नव्हतं.

ही शाळा मात्र दमत नव्हती. दोन वर्षं नव्या खोलीचा निधी परत गेला होता. या तिसऱ्या वर्षी पाचही शेऱ्यांची उत्तरं दहा-दहा दिवसांत परत आली, तीही पुराव्यांसकट. वर्ष संपायला चार दिवस उरले होते. जागेवर जा, विभागाचे मुख्य त्याला म्हणाले होते, जागेवर काही ना काही सापडतंच.

मोजपट्टी गुंडाळून तो उठला, तेव्हा सहावीच्या फळ्याशेजारचा तक्ता त्याच्या नजरेस पडला. पुठ्ठ्यावर पाच कागद ओळीनं चिकटवले होते. त्यावरचं अक्षर त्याचं स्वतःचं होतं. प्रत्येक कागदाखाली त्याची सही होती, आणि सहीखाली मुलांनी रंगीत खडूनं बरोबरच्या खुणा केल्या होत्या.

"हे शेरेकाकांचे प्रश्न," मॉनिटर म्हणाली.

त्यांच्या कागदांवर वरती नेहमी 'शेरा' असं लिहिलेलं असतं, म्हणून वर्गानं त्यांचं नाव तसं ठेवलं होतं. ते दूरच्या गावी मोठ्या कार्यालयात असतात, आणि एका वेळी एकच प्रश्न पाठवतात. आधीचं उत्तर बरोबर आलं, तरच पुढचा. पहिल्यांदा त्यांनी खोलीचं माप मीटरमध्ये मागितलं, तेव्हा सहावीला दशांश अपूर्णांक आले. मग त्यांनी विचारलं, छत गळतं म्हणता, तर नेमकं किती. तेव्हा मुलांनी नऊ डबे लावून पूर्ण एक आठवडा पाणी मापलं. बांधकामाच्या जागेवरच्या झाडाचं वय त्यांनी विचारलं. सगळ्यांनी मिळून त्या झाडाला दोरी गुंडाळली आणि गावातल्या सुताराकडे चार दिवस चकरा मारल्या. सुतार शेवटी म्हणाला, तुमच्या काकांना सांगा, झाडाचं लग्न ठरवायचंय का?

वर्ग हसला. कारकूनही हसला, कारण हसणं भाग होतं. झाडाच्या वयाचा शेरा त्यानं एका कंटाळवाण्या दुपारी, दुसरं काही सुचेना म्हणून लिहिला होता. लिहून झाल्यावर शेजारच्या टेबलाला वाचूनही दाखवला होता, आणि तिथेही असाच हशा झाला होता.

पाचवा प्रश्न सगळ्यात अवघड होता, मॉनिटरनं सांगितलं. 'या खर्चाचा भार करदात्यांवर का टाकावा?' करदाते म्हणजे कोण हेच आधी कुणाला माहीत नव्हतं. बाईंनी सगळ्यांना घरून दुकानाच्या पावत्या आणायला सांगितल्या. तेव्हा कळलं, की साबणाच्या वडीवर कर असतो, काडेपेटीवर असतो, चपलेवर असतो. पाचवीतला सगळ्यात लहान मुलगा त्या दिवशी नवी वही घेऊन आला होता. तोही करदाता निघाला. बावन्न घरांची यादी त्यांनी उत्तराला जोडली होती.

ती यादी कारकुनानं पाहिली होती. पानं मोजून त्यानं ती फायलीत लावली होती. वाचली नव्हती.

"तुम्ही शेरेकाकांना ओळखता?" एकानं विचारलं. "कसे आहेत ते?"

त्यानं मोजपट्टी पिशवीत घातली, परत काढली, परत घातली.

"ओळखतो," तो म्हणाला. "कामात असतात."

सहावा प्रश्न त्यांनी दिलाय का, हे आता सगळ्यांना हवं होतं. तो त्याच्या पिशवीतच होता: 'जागेचा उतार किती, ते कळवावे.' पण मुलांना धीर नव्हता. मॉनिटरनं पेटीतून एक वही काढली. शेरेकाका पुढे काय विचारतील याचा वर्गानं अंदाज बांधला होता आणि आणखी सहा प्रश्नांची उत्तरं आधीच काढून ठेवली होती. पहिल्याच पानावर उतार होता. पारदर्शक नळीत पाणी भरून, दोन टोकं धरून काढलेला, आकृतीसकट. पुढे मातीचा थर. पुढे विहिरीपासूनचं अंतर. कारकून पानं उलटत गेला. त्याच्या डोक्यात असलेला प्रत्येक शेरा तिथे होता, आणि आणखी दोन असे, जे त्याला सतरा वर्षांत सुचले नव्हते.

"बाकीच्या शाळांची पण अशी उत्तरं येतात?" मॉनिटरनं विचारलं.

"त्यांना अजून सगळे प्रश्न विचारलेले नाहीत."

"मग सगळे एकदम का नाही विचारत? एका आठवड्यात होऊन जाईल."

प्रश्न साधा होता आणि तिनं तो साधेपणानंच विचारला होता. दोन्ही वर्ग उत्तराची वाट बघत होते. पाचवीही मान वळवून बघत होती. कारकुनानं वही मिटली, आणि ती हातात धरूनच उभा राहिला.

"एकेक विचारला की नीट विचार करायला वेळ मिळतो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला एकदम अकरा दिले असते, तर डबे कुणी लावले असते?"

मुलांना ते पटलं. बाई त्याच्याकडे न बघता फळा पुसायला लागल्या. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. साहेबांच्या रागाला द्यायची उत्तरं त्याच्याकडे होती, गावच्या पुढाऱ्यांच्याही. बाईंनी मुलांना दिलेल्या या उत्तराखाली तो चोरून आसऱ्याला उभा राहिल्यासारखा उभा होता.

पाहणीचा अहवाल त्यानं तिथेच, सहावीच्या बाकावर बसून लिहिला. मापं बरोबर, उत्तरं समाधानकारक, निधी तत्काळ द्यावा. भेट देणाऱ्यांच्या वहीत सही केली. बाई फाटकापर्यंत त्याच्यासोबत आल्या.

"आमच्या वहीतली सही आणि तक्त्यावरची सही एकच आहे," त्या म्हणाल्या. "मुलांच्या अजून लक्षात आलेलं नाही."

तो थांबला. मग वर्गाकडे परत वळला.

"नका सांगू त्यांना," बाई म्हणाल्या. "वर कुणीतरी आपलं लिहिलेलं वाचतं, असं वाटतंय त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फाईल मुख्यांसमोर ठेवली. मुख्यांनी अहवाल वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.

"अरे, मी तुला काय आणायला पाठवलं, आणि तू काय घेऊन आलास?"

उत्तरं बरोबर आहेत, तो म्हणाला. एकही खोट नाही.

"उत्तरं बरोबरच असतात रे, नेहमीच. ते का मला माहीत नाही?"

मुख्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी खणातून वरून आलेला कागद काढून त्याच्यापुढे केला. यंदा वसुली किती कमी आली आणि विभागानं किती रक्कम बाहेर पडू द्यायची नाही, तो आकडा त्यावर होता. हा काय मी ठरवला, त्यांनी विचारलं. नाही, तो म्हणाला. मग मुख्यांनी थोडा विचार केला, आणि शाळेच्या फायलीवर सही करून टाकली. कारकुनानं फाईल उचलायला हात पुढे केला.

"तेवढ्याच रकमेची दुसरी एक अडव," मुख्य म्हणाले. "बेरीज बदलता कामा नये. कुठली, ते तूच बघ."

कपाटात एकशे अठ्ठावीस फायली होत्या. दुपारपर्यंत तो त्यांच्यासमोर बसून राहिला. काही फायलींच्या मागे आमदार होते, काहींच्या मागे ठेकेदार. शेवटी त्यानं अशी एक शोधली, जिच्यासाठी कधी कुणाचा फोन आला नव्हता. तीही शाळाच होती, तीही एक खोली. दुसऱ्या शेऱ्याचं उत्तर परवाच आलेलं होतं. त्यानं ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. बरोबर होतं.

त्यानं कोरा कागद ओढला आणि वर 'शेरा' असं लिहिलं. शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, आज कुठल्या झाडाचं वय काढतोयस? त्यानं मान वर केली नाही. तिसरा शेरा लिहिला. त्याखाली चौथा लिहिला. मग पाचवा. ओळी भरत गेल्या, पान उलटावं लागलं, आणि अकरावा लिहून होईपर्यंत खोलीतले बाकीचे जेवून परत आले. उरलेल्या तीन दिवसांत एवढी उत्तरं येणार नव्हती, पण पुढच्या वर्षी विचारायला काही उरणारही नव्हतं.

खोली यंदा होणार नाही, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. ते लिहायला तो एकदा थांबला होता. पेनचं टोपण लावून, काढून, मग पुढच्या शेऱ्याकडे गेला होता. अक्षर मात्र त्यानं मोठं आणि सुटं काढलं होतं, दोन ओळींत भरपूर जागा सोडून, दहा-अकरा वर्षांच्या कुणालाही वाचता येईल असं.