अजिंक्यवीरचा कौल

कसब्यातल्या कबड्डी संघाचं नाव ‘अजिंक्यवीर’ ठेवणारा गृहस्थ कोण, हे आता कुणालाच आठवत नाही, आणि ते त्याच्या दृष्टीनं बरंच आहे. कारण हा संघ हरतो. कधीमधी नव्हे, रीतसर, ठरल्यासारखा, दरवर्षी पहिल्याच फेरीत हरतो. आणि असल्या संघाच्या नादात श्रीधरपंत वैशंपायनांनी उभा जन्म घालवला होता. कसब्यातलं बिऱ्हाड सोडून सदाशिव पेठेत फ्लॅटमध्ये आले, पोस्टातून निवृत्त झाले, गुडघे गेले, पण मंडळ काही सुटलं नाही. सामना असला की स्वेटर चढवायचा, शेजारच्या अनंत लिमयांना बरोबर घ्यायचं आणि जाऊन पराभव बघून यायचा.

घरी आले की वासंतीबाई विचारायच्या, “किती गुणांनी?” जिंकलात का, असला अगोचर प्रश्न त्या घरात कुणी विचारत नसे. मग पंत चहा पितापिता अख्खा सामना सांगायचे. कुणाची चढाई, कुणाचा पाय रेषेबाहेर पडला, पंच कसा झोपला होता. मुलगा केदार हसायचा. “बाबा, एखादी जिंकणारी टीम धरा ना. मार्केटमध्ये आहेत की ढिगानं.”

“जिंकणाऱ्यांकडे कुणीही जातं,” पंत म्हणायचे, “त्यात काय मोठंसं?”

तो केदार आता आतल्या खोलीत पडून होता. ऑफिसातून येताना स्कूटर घसरली आणि डोकं दुभाजकावर आपटलं, त्याला दोन वर्षं होऊन गेली. डोळे उघडायचा, पण बघायचा नाही. नाकातल्या नळीतून पेज, दर दोन तासांनी कूस बदलायची. डॉक्टरांनी पंतांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आता सेवा करा, आशा धरू नका. पंतांना ते पटलं. पटलं याचीच त्यांना लाज वाटायची. पोटच्या पोराचं अंग पुसताना आपण मनातून त्याला केव्हाच पोचवून आलोय, हे त्यांना आतून खात राहायचं.

वासंतीबाईंना मात्र मुळीच पटलं नाही. दवाखान्यातून आल्या त्या तडक माळ्यावरून तांब्याचं घंगाळ काढलं, काठोकाठ पाणी भरलं आणि देव्हाऱ्यातले सगळे देव त्यात बुडवले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, कुलस्वामिनीचा टाक, कुणालाही सूट नाही. “केदार मला आई म्हणून हाक मारेल त्या दिवशी बाहेर काढीन,” असं देवांना तोंडावर सांगितलं. लोक परीक्षेच्या निकालासाठी देव पाण्यात ठेवतात, चार दिवसांत काढतात. हे देव दोन वर्षं पाण्यात होते. रोज सकाळी पाणी बदलायचं, तुळशीचं पान टाकायचं, आणि विचारायचं, “काय, जमतंय का?”

पंतांचं देवाशी भांडण नव्हतं, ओळखच नव्हती. एकदा म्हणाले, “अगं, सर्दी होईल त्यांना.”

“उठवू देत माझ्या मुलाला, लगेच पुसते की!” बाई कडाडल्या. “आणि तुम्ही हसू नका. तुम्ही हरणाऱ्यांच्या मागे जाता ती निष्ठा, आणि मी न बोलणाऱ्याच्या मागे जाते तो खुळेपणा! छान न्याय आहे हो!”

पंतांना राग आला नाही, उलट बरं वाटलं. कारण खरं सांगायचं तर ते घर त्या बाईच्या हट्टावर उभं होतं. विश्वास ठेवणं पंतांना जमत नव्हतं, पण कुणीतरी ठेवतंय म्हणून त्यांना सकाळी उठता येत होतं. ती खचली तर आपलं काही खरं नाही, हे ते पुरतं ओळखून होते.

आणि यंदा संक्रांतीनंतर ती खचायला लागली. एक दिवस घंगाळातलं पाणी बदललं नाही. मग दुसऱ्या दिवशीही नाही. वाटी हातात घेऊन केदारजवळ नुसतीच बसून राहायची. पंतांनी पाणी बदलू का विचारलं, तर म्हणाली, “राहू द्या हो.” 

तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना ती एकदम म्हणाली, “मला कौल लावायचाय.”

वासंतीबाईंचं माहेर राजापूरकडचं. तिकडे काही अडलं की देवाला कौल लावतात. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

“मग लाव की,” पंत म्हणाले.

“कुठे लावू? देव पाण्यात आहेत. पाण्यातल्या देवावर पाकळी चिकटते का?” बाईंनी शेंग मोडली. “शनिवारी तुमचा सामना आहे ना? त्यावर लावलाय. अजिंक्यवीर जिंकलं, तर केदार उठणार. हरलं, तर मी देव बाहेर काढणार, आणि पुन्हा त्यांच्यापुढे पदर पसरणार नाही.”

“वेड लागलंय का तुला?” पंतांचा आवाज चिरकला. “अजिंक्यवीरवर? अगं, ती पोरं नाणेफेकसुद्धा हरतात! दुसरं काहीही धर. उद्या दूधवाला वेळेवर येतो का ते धर!”

“सोपं मागितलं तर तो कौल कसला? तुमचं मंडळ जिंकणं म्हणजे देवानं स्वतः हात घातल्याशिवाय होणारी गोष्ट नाही. हे तुम्हीच सांगता की चारचौघांत.”

पंतांची स्वतःचीच जीभ आडवी आली. एकदा लावलेला कौल मागे घेता येत नाही, एवढंच सांगून बाई शेंगांची पाटी घेऊन आत गेल्या.

शनिवारी संध्याकाळी पंत मैदानावर पोचले. सामना विश्रांतवाडीच्या संघाशी होता, गेल्या वर्षीच्या उपविजेत्याशी. अजिंक्यवीरचा कप्तान सूरज पायाला पट्टी गुंडाळत होता. पंत त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, “सूरज, आज जिंका रे बाबा.”

सूरजनं चमकून वर पाहिलं. इतक्या वर्षांत काकांनी असलं काही कधी मागितलं नव्हतं. “काका, ट्राय करू. पण सिरियसली सांगतो, चाळीस गुणांच्या आत हरलो तरी खूप झालं.”

पंत खुर्चीवर येऊन बसले. शेजारी अनंतराव शेंगदाणे खात होते. आणि तिथं, त्या प्लास्टिकच्या खुर्चीत, पंतांनी जन्मात पहिल्यांदा देवाला हाक मारली. सवय नव्हती, शब्द सुचेनात. आमची पोरं जिंकू देत असं म्हणायला गेले, तर स्वतःलाच खरं वाटेना. म्हणून जे शक्य दिसलं ते मागितलं. देवा, ते विश्रांतवाडीवाले येऊच देऊ नकोस.

ते आले नाहीत.

पुकारा झाला. पुन्हा झाला. पंचांनी घड्याळ पाहिलं, फोन लावले. मग कळलं, की त्यांना त्याच संध्याकाळी दुसरीकडे मोठ्या स्पर्धेची उपांत्य फेरी होती, ते तिकडे गेले. अजिंक्यवीरची सात पोरं मॅटवर ओळीनं उभी राहिली, समोरचं अर्धं मैदान रिकामं. पंचांनी शिट्टी वाजवली आणि पुढे चाल दिली. पोरं नाचायला लागली. अनंतरावांनी पंतांना मिठी मारली. पंतांचे डोळे भरून आले, आणि ते हरखले, हो, हरखलेच! नियमानुसार जय तो जय. भजी घ्यायला थांबलेल्या अनंतरावांना तिथंच सोडून त्यांनी रिक्षा पकडली.

लक्ष्मी रस्त्यावर रिक्षा अडकली, तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आयुष्यात एकदा मागितलं आणि मिळालं. मागितलं काय, तर समोरचे येऊ नयेत. केदार उठू दे, असं का नाही म्हणालो? तो विचारच मनात आला नव्हता. त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

बाई दार उघडून उभ्याच होत्या. 

“जिंकलो,” पंत म्हणाले.

वासंतीबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. मग आत धावल्या. “केदार! अरे जिंकले रे! ऐकलंस का? बाबांचं मंडळ जिंकलं!” त्याचा चेहरा ओंजळीत धरून त्या रडत होत्या, हसत होत्या. दोन वर्षांत पंतांनी हे हसू पाहिलं नव्हतं. “सांगा ना, कसे जिंकलो? त्यालाही ऐकू दे. पहिल्यापासून सांगा.”

पंत पलंगाच्या कडेला टेकले आणि सांगू लागले. सूरजची चढाई, एका दमात तिघं बाद. मग त्यांचा तो उंच गडी, त्याची पकड, लोण. जन्मभर हरलेले सामने सांगून जीभ तयार झालेली होती, ती आपली वळत गेली. बाई केदारचा हात हातात घेऊन ऐकत होत्या. पंतांना थांबता येईना.

तेवढ्यात उघड्या दारातून अनंतराव भज्यांचा पुडा घेऊन आत आले. “वहिनी, पेढे काढा! न खेळता जिंकलो! ते आलेच नाहीत. त्यांना म्हणे दुसरीकडे महत्त्वाचा सामना होता. आमच्यासाठी कोण वेळ घालवतंय!”

 अनंतरावांनी एकदा पंतांकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे, पुडा टेबलावर ठेवला आणि आल्या पावली गेले.

“समोर कुणीच नव्हतं?” वासंतीबाईंनी विचारलं.

“अगं, पण नियमानं जिंकलोच आपण. पुढे चाल म्हणजे जयच. हवं तर पंचांना विचार...”

“समोर कुणी होतं का, एवढंच सांगा.”

“नव्हतं,” पंत म्हणाले.

बाई उठल्या. घंगाळाजवळ बसल्या आणि एकेक देव बाहेर काढून पदरानं पुसू लागल्या. तांब्यापितळेवर हिरवट डाग धरले होते, ते घासूनही निघेनात. पंत गुडघ्यांची पर्वा न करता त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले.

“नको गं काढू. गुरुवारी पुढची फेरी आहे. ती धर. तो खरा सामना असेल.”

“हराल तुम्ही.”

“हरू. मग पुढच्या वर्षी धर.” पंतांना रडू फुटलं. “मी नाही का जात? हरणार हे माहीत असून जातो ना दरवर्षी? तसं कर. तूही तसंच कर, वासंती, नुसतं जात राहा.”

वासंतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, रागही नव्हता.

“तुम्हाला मंडळ हवं असतं हो,” त्या म्हणाल्या. “जिंकलं काय, हरलं काय, मंडळ तुम्हाला मिळतंच. मला देव नको होते. मला केदार हवा होता.”

त्यांनी घंगाळ उचललं, मोरीत नेऊन उपडं केलं आणि केदारची कूस बदलायची वेळ झाली म्हणून पंतांना हात द्यायला बोलावलं.