उघडून बघायचं नाही

शेवंती पिंजऱ्यात नव्हती. चिंध्यांचं अंथरूण होतं, वाटीत पाणी होतं, आणि पिंजऱ्याचं दार बोटभर उघडं होतं.

“शुभा! अगं, ती नाहीये!”

शुभा देवासमोरून उठून आली. “कडी नीट लागली नसणार. चमच्यानं कोण कडी लावतं हो?”

श्यामकांत लावायचे. दाराजवळ कुणी आलं की शेवंती नाक बाहेर काढून हुंगायची, आणि त्या नाकाशेजारी बोट न्यायची त्यांची छाती होत नसे. म्हणून लांब दांड्याचा चमचा. अंथरूण बदलायचं तर हातमोजे. जन्मभर बँकेत लोकांवर डाफरलेला माणूस ओंजळीत मावेल एवढ्या पांढऱ्या उंदरिणीपुढे थरथरायचा. घरात मात्र त्याला कुणी हसत नसे. मोठ्या पुरानंतर त्यांचा धाकटा भाऊ मुकुल लेप्टोच्या तापानं गेला होता. डॉक्टरांनी उंदराचं नाव घेतलं आणि श्यामकांतांच्या मनात जी भीती बसली ती बसलीच.

मुलुंडच्या त्या सोसायटीत सापळे आणले ते त्यांनीच. रोज संध्याकाळी पोळीच्या तुकड्याला तूप लावून, गॅसवर जरा करपवून तो आकड्याला अडकवायचे तेही तेच. सकाळचं काम वॉचमन परबचं. सापळ्यावर गोणपाट टाकायचं आणि तसाच तो पाण्याच्या पिंपात बुडवायचा. उघडून बघायचं नाही, हा श्यामकांतांचा नियम. त्यांना स्वतःला बघवत नसे, म्हणून कुणीच बघायचं नाही.

असल्या घरात गंधालीनं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, शेवंती आणली. घाटकोपरला कुणी भाडेकरू जागा सोडताना तिला पिंजऱ्यासकट टाकून गेले होते.

“फॉस्टर म्हणजे पाहुणी रे, बाबा. बोरिवलीची श्वेता रविवारी येऊन तिला कायमची घेऊन जाईल,” असं सांगून गंधाली ऑफिसच्या कामाला बंगलोरला निघून गेली.

सुरुवातीला श्यामकांत हॉलमध्ये फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी त्यांनी लांबूनच पोळीचा एक तुकडा आत सरकवला, सापळ्यासाठी करपवलेल्यातलाच. शेवंतीनं तो दोन्ही हातांत धरून कडेकडेनं खाल्ला. मुकुल लहानपणी अशीच पोळी खायचा, आधी सगळी कड, मग मधलं. श्यामकांत खुर्ची ओढून बघत बसले. दुसऱ्या दिवसापासून गॅसवर एक तुकडा जास्त करपू लागला.

आणि काल त्यांनी आपण होऊन लेकीला फोन केला होता.

“त्या श्वेताला नाही म्हणून सांग.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? राहू दे तिला इथेच.”

“बाबा, तू तिला हात तरी लावलायस का एकदा?”

“लावीन. उद्या लावीन.”

फोन कानाशी धरूनच त्यांनी दुसऱ्या हातातल्या चमच्यानं कडी सरकवली होती. ती बसली की नाही, ते काही बघितलं नव्हतं.

आता ते गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली, फ्रिजमागे शोधत होते. “शेवंती, शेवंती,” अशा हाका मारत होते. तेवढ्यात बाथरूममधून शुभा ओरडली, “अहो, इकडे या!”

मोरीच्या जाळीचा कोपरा उचकटलेला होता. त्यांचं घर तळमजल्यावर. जाळीपलीकडे बिल्डिंगच्या मागची बोळ, आणि बोळात सापळा. त्यात करपलेली पोळी. गटारातला उंदीर सापळ्याला बिचकतो. ही जन्मापासून पिंजऱ्यात वाढलेली. तारांचं घर आणि तुपाचा वास, तिला त्यात भ्यायचं काय?

ते बनियनवरच धावले. एक चप्पल वाटेतच सुटली.

“परब! परब, थांबा! बुडवू नका!”

परब पिंपाजवळ हात धूत होता. सापळा खाली ठेवलेला, वर गोणपाट.

“काय झालं ओ साहेब?”

“आज... सापडला का?”

“सापडलाय ना एक. आताच झालं काम.”

“पांढरा होता?”

“ता काय माहीत.” परब गोंधळला. “तुमीच सांगितलंत ना ओ, बघायचं नाय म्हणून. मी नाय बघितलं.”

गोणपाटातून पाणी ठिबकत होतं. काळा असू दे, देवा, काळा असू दे, श्यामकांत मनात घोकत होते. हात पुढे जाईना. ते सापळ्यापुढे खालीच बसले.

“मी काढू?” परबनं विचारलं.

“नको.”

त्यांनी गोणपाट उचललं. आकड्यावर पोळीचा तुकडा तसाच होता, सगळी कड खाल्लेला. खाली शेवंती पडली होती.

शुभा मागून धावत आली. येताना ती हातमोजे घेऊन आली होती, आणि ते पुढे करावेत की नाही ते तिला कळेना. श्यामकांतांनी सापळ्याचं दार बोटांनी वर केलं, उघडा हात आत घातला आणि तिला बाहेर काढून तळहातावर घेतलं. तिला अजून थोडी ऊब होती.

“द्या साहेब, कागदात बांधतंय,” परब हळूच म्हणाला.

श्यामकांतांनी तळहात छातीशी ओढून घेतला.

“गंधालीला सांगितलं होतं गं मी,” ते शुभाला म्हणाले, “उद्या हात लावीन म्हणून.”

मग बनियनच्या टोकानं ते तिचं अंग पुसू लागले. आधी कान, मग पाठ, मग पोळी धरायचे ते दोन हात.