पिंपातले बोल्ट

काशीनाथला स्टील पारखायची एकच रीत ठाऊक होती: जुन्या रेडिओतलं लोहचुंबक. चिकटलं तर गंजणार, नाही चिकटलं तर अस्सल. डहाणूच्या खाडीवरचे सगळे होडीवाले हेच करतात, आणि दरवर्षी नव्या गंजाला शिव्याही घालतात.

गेल्या हंगामात होडीच्या घडीच्या छताची बिजागरी तुटली आणि वरचा पाईप काशीनाथच्या कपाळावर आदळला. सहा टाके पडले. तेव्हा त्याच्या बायकोने, हिरकणीने, निक्षून सांगितलं की छत पक्कं झाल्याशिवाय होडी पाण्यात जायची नाही. आता मासेमारीची बंदी उठायला महिना उरला होता. समुद्रावाचून काशीनाथला करमत नव्हतं, आणि त्याच्यामुळे घरात कुणालाच करमत नव्हतं.

शेवटी त्याने डहाणू रोडवरून लखलखीत बिजागऱ्या आणि बोल्ट आणले. दुकानदार मनिष दुसरा, जरा मळकट दिसणारा माल दाखवून सांगत होता की खाऱ्या पाण्यात हाच टिकतो. चुंबक दोन्हींना चिकटत नव्हतं, मग मळकट कशाला घ्यायचं? मनिषने तरी त्यातला एक बोल्ट हट्टाने पिशवीत टाकलाच.

हिरकणीने दोन्हींतला एकेक बोल्ट दोऱ्याला बांधला आणि मासे खारवायच्या पिंपात सोडला. पंधरा दिवस हात लावायचा नाही, म्हणाली. काशीनाथ चिडला, येता-जाता झाकण उचलून बघू लागला. हिरकणी भांडली नाही, तिने झाकणावर पाटा ठेवला.

सोळाव्या दिवशी तिने दोरे ओढले. लखलखीत बोल्टच्या आट्यांत तांबूस गंज धरला होता. मळकट होता तसाच होता. दुपारी जाऊन काशीनाथने सगळा माल बदलून आणला.

छत बसलं त्या दिवशी हिरकणी होडीत चढली, पदर खोचला आणि वरचा पाईप दोन्ही हातांनी धरून लोंबकळली. साठीची बाई! काशीनाथला हसू फुटणार होतं, पण तिचे घट्ट मिटलेले डोळे बघून ते आतच राहिलं. वर्षभर ही रागावली नव्हती, घाबरली होती. हे इतक्या उशिरा कळल्याचं त्याला फार वाईट वाटलं.

बिजागरी जरासुद्धा हलली नाही. हिरकणी खाली उतरली.

"आता जा खुशाल," ती म्हणाली.

काशीनाथने खिशातलं चुंबक काढून तिच्या हातावर ठेवलं.

"सुया सांडतात ना तुझ्या, त्या उचलायला ठेव."