कोकिळाबाईंनी काढलेली झोळी

मित्रांनो, मी लाकडी फळा. वडनेर भोलजीच्या एका शाळेत कितीतरी वर्षं माझ्यावर पाढे लिहिले गेले. पुढे वर्गात पांढरे, गुळगुळीत फळे आले आणि मी व्हरांड्यामागे पडून राहिलो. माझ्या आडोशाला कोंबड्या बसत.

तिथून मला सुचिताताईंनी आणलं. नागपुरात डिझाइन शिकून त्या गावी परतल्या होत्या. शेतकामाच्या वस्तू तयार करणाऱ्या त्यांच्या छोट्या कारखान्यात, काळा रंग लावून त्यांनी मला भिंतीवर टांगलं.

त्या वर्षी त्यांनी कापूस वेचायची झोळी केली. वेचणाऱ्या बायांनी ती दोन दिवसांत परत केली. गळ्यातल्या पट्ट्याने मान भरून यायची. ती पहिली, तुरळक वेचणी होती; मोठ्या वेचणीला पंधराच दिवस उरले होते. तेवढ्यात नवी झोळी जमली नाही, तर हंगाम हातचा जाणार होता.

कारखान्यातले सगळे माझ्यासमोर बसले. पण बोलत एकटे उद्धवभाऊ, तिथले जुने शिंपी. बाकीचे नुसत्या माना हलवत. दोन बैठका अशाच गेल्या.

तिसऱ्या बैठकीत ताईंनी प्रत्येकाच्या हाती खडू दिला.

"दहा मिनिटं कोणी बोलायचं नाही. सुचेल ते काढा. आणि 'हे होत नाही' असं आज कोणी म्हणायचं नाही."

शिलाईवाल्या कोकिळाबाई मागेच उभ्या होत्या. वीस वर्षं त्यांनी कापूस वेचला होता.

"मले चित्र नाही काढता येत, ताई."

"रेघा ओढा. तेवढं पुरे."

त्यांनी माझ्या कोपऱ्यात वाकडीतिकडी झोळी काढली. तिला कापूस टाकायला वर एक तोंड होतं आणि खालीही एक. दहा मिनिटं संपताच उद्धवभाऊ 'हे होत नाही' म्हणणार होते, पण थांबले आणि त्यांनी विचारलं, "खालीबी तोंड काऊन?"

"झोळी अंगावरून न काढताच कापूस ओतता येते, भाऊ. आन् वझं मानेवर नको, कमरेवर पाहिजे."

भाऊ उठले. त्यांनी त्याच चित्राला खाली नाडी जोडली. "हे बांधलं का कापूस सांडणार नाही."

मला फार बरं वाटलं.

आठव्या दिवशी, चित्राप्रमाणे शिवलेली ती झोळी कमरेला बांधून कोकिळाबाईंनी गावातल्या भगवंतरावांच्या शेतात दिवसभर कापूस वेचला. संध्याकाळी दारातूनच त्या म्हणाल्या, "मान दुखली नाही!" उद्धवभाऊंनी त्यांच्यासाठी स्वतः चहा ठेवला.

आता दर सोमवारी माझ्यासमोर बैठक होते. खडूच्या धुळीने मी पांढरा होतो, पण सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्याकडेही असा फळा असेल, तर त्याला भिंतीवर जागा द्या. ओल्या फडक्याने पुसत जा. फक्त पुसण्याआधी, ते चित्र ज्याचं असेल त्याला एकदा विचारा.