माहेरचा मिसकॉल

वासिफ शहागंजला अम्मीच्या घरात बसून फोनमधल्या यंत्राशी भांडत होता आणि यंत्र त्याच्याशी अदबीनं बोलत होतं. त्याला जास्त संताप त्या अदबीचाच येत होता. अम्मीचा नंबर का बंद केला, एवढंच त्याला एखाद्या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. यंत्र म्हणायचं, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. समजतंय डोंबल!

आता गंमत बघा. हा वासिफ काही ऐरागैरा नव्हे. कैक वर्षं टोरांटोत आहे, तिथल्या एका टेलिफोन कंपनीच्या धोरण विभागात; इथं आलेला सुट्टीपुरता. सरकारनं नवा नियम काढला की त्यावर कंपनीचं म्हणणं काय, हे तोच लिहून देतो. फसवे कॉल आपले आपण हुडकून बंद करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं तर त्यानं परिषदांमधून तोंड भरून कौतुक केलेलं. जो रिंग वाजवतो आणि समोरच्यानं उचलायच्या आत कापतो, त्याला बोलायचंच नसतं, तो ठगच, असं त्यानं भर सभेत सांगितलं होतं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

आणि इथं त्याची अम्मी शहजादीबी. तिचा सगळा कारभार मिसकॉलवर. दूधवाल्याला एक रिंग म्हणजे आज जास्तीचं आण. शेजारच्या रुक्सारला दोन म्हणजे हातातलं टाकून वर ये. आणि पहाटेची, फजरची नमाज झाली की एक रिंग देवगाव रंगारीला, आवडाबाईला. म्हणजे मी उठले, जिवंत आहे. तिकडून लगेच एक रिंग परत यायची. म्हणजे मीही आहे.

देवगाव शहजादीबीचं माहेर. भाऊ गेले, भावजया पोरांच्या मागं पांगल्या, आणि माहेर म्हणून उरली ती लहानपणची मैत्रीण आवडाबाई, तीही घरात एकटीच. दोघी फोनवर बोलत काहीच नसत. रोज उठून बोलायला असतंय तरी काय? पण त्या रिंगेशिवाय दोघींच्या घशाखाली चहा उतरत नसे.

इथल्या कंपनीनंही तसलंच यंत्र बसवलं आणि त्यानं शहजादीबीला ठग ठरवलं. येणारे-जाणारे सगळे कॉल बंद.

"आवडी घाबरंल," ती पहिल्याच सकाळी म्हणाली. "तिला वाटंल मी मेले. चल बेटा, बसनं जाऊन येऊ."

गुडघे एवढे सुजलेत, बसनं कुठं धक्के खात जातेस, म्हणून वासिफनं तिला खाली बसवलं. संध्याकाळपर्यंत नंबर चालू करून देतो, माझं कामच आहे ते, असंही म्हणाला. स्वतःच्या फोनवरून त्यानं आवडाबाईला कॉल लावून पाहिला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. अनोळखी नंबर उचलू नका, लुबाडतील, असं हल्ली फोनमधूनच सारखं बजावतात, आणि आवडाबाई सांगितलेलं ऐकणारी बाई.

संध्याकाळ गेली, दुसरा दिवसही गेला. चिकलठाण्याकडं कंपनीचं दुकान आहे, तिथं तो जाऊन आला. काउंटरवरची तनुजा, बिचारी भली पोरगी, म्हणाली की सर, बंद यंत्र करतं, आम्हाला नुसतं दिसतं, तुम्ही ॲपवर अर्ज करा. ॲप उघडायला ओटीपी हवा. ओटीपी येणार त्या बंद नंबरवर. आता बोला! वासिफनं तक्रार नोंदवली, तर तिचं निवारण झाल्याचा निरोप तासाभरात आला. कसलं निवारण झालं ते अल्लालाच ठाऊक.

नियम करायच्या आधी मसुदा लोकांपुढं ठेवतात, हरकती मागवतात, हे सगळं वासिफला तोंडपाठ. असले जाडजूड इंग्रजी मसुदे त्यानं ढिगानं वाचलेले. त्यावर देवगावची आवडाबाई काय कपाळ हरकत घेणार? मग तिची हरकत नाही असं धरायचं आणि पुढं जायचं. आजवर आपणही तेच करत आलो, हे ध्यानात आलं तसा त्याला स्वतःचाच राग आला, आणि तो त्यानं पुन्हा त्या यंत्रावर काढला.

तिसऱ्या सकाळी तो असाच यंत्राला फैलावर घेत असताना गल्लीतून रडणं ऐकू आलं. गावाकडचं, हेल काढून, नाव घेऊन रडणं. माझी शहजादी गं, असं म्हणत कुणी जिना चढत होतं.

शहजादीबीनं भिंतीला धरत जाऊन दार उघडलं. समोर आवडाबाई, काखेत पिशवी. तिचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिनं शहजादीबीचं तोंड चाचपलं, हात चाचपले, आणि मग पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"दोन दिस रिंग नाय," ती म्हणाली. "म्हणलं गेली. आता कळवणार तरी कोण मला?"

दोघी उंबऱ्यातच गळ्यात पडल्या. वासिफनं मावशीला आत आणलं, पाणी दिलं आणि समजावून सांगायला लागला, की मावशी, यंत्राची चूक झाली, त्याला वाटलं की… ती त्याच्याकडं बघतही नव्हती. पिशवी तेवढी तिनं मांडीखाली दाबून धरली होती. शहजादीबीनं ती ओढून काढली आणि उघडली.

आत पांढरं कापड होतं, कोरं.

बाईचं कफन माहेरून यावं, ही त्यांच्यातली रीत. आवडाबाई हिंदू खरी, पण देवगावात त्या घराच्या सगळ्या मयती तिनं पाहिलेल्या. हे आणणारं आता आपल्याशिवाय कुणी नाही, हे तिला ठाऊक होतं.

वासिफनं यंत्राशी चालू असलेला कॉल कापून टाकला.

शहजादीबीनं घडी उलगडली, कापड अंगाला लावून लांबी पाहिली आणि पुन्हा नीट घडी घातली.

"चांगलं आणलंस," ती म्हणाली. "माझ्यापाशीच राहू दे. खरंच जाईन तेव्हा तुला कळंल का नाय, कुणाला ठाऊक."