काडीची फायनल

आचोळ्याच्या गेम पार्लरमध्ये जोड्यांची स्पर्धा होती, २००२ साली. फायनलमध्ये उन्नतीने आपली लढत जिंकली होती. आता सगळं तिची जोडीदार अश्लेषा हिच्यावर होतं; जोडीतल्या दोघींनीही जिंकलं तरच फायनल त्यांची.

"आज तरी काडीला घेऊ नकोस गं," उन्नती म्हणाली.

काडी म्हणजे त्या मारामारीच्या गेममधला सगळ्यात लुकडा गडी. त्याचा ठोसा समोरच्याला जेमतेम लागायचा, म्हणून त्याला कुणी घेत नसे. अश्लेषा मात्र वर्षभर त्यालाच घेऊन खेळत होती. मैत्रिणीसाठी तिने धिप्पाड पैलवान घेतला आणि पहिला डाव सपाटून हरली.

"घे बाई तुझा काडी," उन्नती हताशपणे म्हणाली.

काडीला बघून समोरचा हर्षवर्धन हसला. पण काडीशी लढायची त्याला सवयच नव्हती. तो धावून आला की अश्लेषा खाली वाकायची, एक हलकासा फटका मारून मागे सरकायची. अशा फटक्याफटक्यांनी तिने उरलेले दोन्ही डाव घेतले.

"वाटलं, माझ्या हट्टापायी तूही बुडणार," असं म्हणत ती बाकावर टेकली. मग तिला कडकडून भूक लागली; सकाळपासून घास घशाखाली उतरला नव्हता.